सात परस समुद्र

सोपानतात्यांना चहाला बोलावलं, तर ते आधी तुमची विहीर बघतात आणि मग चहा घेतात. विहीर नसली तर टाकी बघतात. टाकीला कुलूप असलं तर चहा अर्धाच पितात आणि "जरा गडबडीत हाय" म्हणून उठतात. माझ्या मुलीला बघायला पुण्याची मंडळी आली, तेव्हा वडीलधारं माणूस म्हणून मी तात्यांना शेजारी बसवलं होतं. मुलाच्या वडिलांनी पगार सांगितला, फ्लॅट सांगितला, गाडी सांगितली. तात्यांनी एकच प्रश्न विचारला, "सोसायटीची टाकी किती परस हाय?" एक परस म्हणजे माणसाच्या उंचीएवढी खोली, हे मी व्याह्यांना समजावून सांगेपर्यंत पोहे गार झाले. लग्न जमलं, पण आमच्या गावात प्यायला पाणी मिळत नाही अशी व्याह्यांची अजूनही समजूत आहे.

आमचं गाव दौंड आणि पाटसच्या मधे, आणि तात्यांचं घर आमच्या घराला लागून. त्यांचा पाच एकर ऊस आहे, पण तो स्वतःच्या जबाबदारीवर वाढतो. तात्यांचा खरा धंदा विहिरीत उतरण्याचा. दोर तुटून मोटर तळाला गेली, पाइपाच्या खालच्या तोंडाशी असणाऱ्या फुटव्हॉल्व्हमध्ये पाला अडकला, पाणी शेंदताना हंडा गेला, वाकून बघताना सरपंचाचा मोबाइल गेला, की तात्यांना बोलावणं येतं. शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांतले इतके तळ त्यांनी पाहिले आहेत की विचारू नका. पाहिले म्हणायची आपली पद्धत. खाली एवढा काळोख असतो की तात्या डोळे मिटूनच काम करतात, सगळं हातानं चाचपून.

एकदा इनामगावच्या एका विहिरीतून मोटरीबरोबर त्यांनी एक मडकंही वर आणलं होतं. तिथं जमिनीत हजारो वर्षांपूर्वीची वस्ती सापडलेली, आणि मी पडलो भूगोलाचा मास्तर, इतिहासाचे तास कोणी नसताना घेणारा. मी मडकं उन्हात फिरवून पाहिलं आणि ते तीन हजार वर्षांपूर्वीचं असल्याचं जाहीर केलं. लोक फोटो काढायला लागले. तेवढ्यात मालकाची आई काठी टेकत आली आणि म्हणाली, "माझी लोणच्याची बरणी कुठं घावली रं?" तात्यांनी त्यानंतर कितीतरी महिने मला बरण्यांचं वय विचारलं.

विहिरीत उतरण्याचे त्यांचे नियम ठरलेले. चपला काठापासून दहा पावलांवर काढायच्या. मालकाला विचारल्याशिवाय पाण्याला शिवायचं नाही, आणि मालक स्वतः काठावर हजर पाहिजे. सगळ्यात मोठा नियम फ्यूजचा. आमच्याकडं लाइट कधी येईल हे ब्रह्मदेवाला ठाऊक नसतं. माणूस पाण्यात असताना लाइट आली आणि कुणी मोटर चालू केली तर संपलंच. म्हणून तात्या आधी स्टार्टरचा फ्यूज काढतात आणि तो कुणाच्याही हातात न देता बायकोच्या, कौसाकाकूंच्या, पदराला बांधतात.

काकू म्हणजे या धंद्याचं दुसरं टोक, अगदी शब्दशः. दोराचं एक टोक तात्यांच्या कमरेला आणि दुसरं काकूंच्या मनगटाला. एक हिसका म्हणजे ठीक, दोन म्हणजे ढील दे, तीन म्हणजे ओढ. तात्या खाली गेले की काकू काठावर मांडी घालून मेथी निवडत बसतात. घरात या नवराबायकोचं फारसं बोलणं होत नाही, जे काय व्हायचं ते दोरावरून होतं, असं आमचं गाव म्हणतं.

चार वर्षांपूर्वी एका नऊ परस विहिरीत तात्यांच्या उजव्या कानाचा पडदा फाटला. दौंडच्या डॉक्टरांनी निक्षून सांगितलं, आता खोल गेलात तर डावाही जाईल. तेव्हापासून तात्या तीन परसांच्या खाली जात नाहीत, असं तात्या म्हणतात. काकूंचा त्यावर विश्वास नसल्यामुळं त्यांनी दोराला लाल चिंधी बांधली आहे. तीन परस झाले की चिंधी पाण्याला टेकते, आणि चिंधी टेकली की काकू मेथी बाजूला ठेवून ओढायला लागतात. मग तात्या वर येऊन ओरडतात आणि काकू परत मेथी घेतात.

हे सगळं एवढ्यासाठी सांगितलं, की गेल्या उन्हाळ्यात तात्या माझ्या ओसरीवर येऊन "आपल्याला समिंदरात उतरायचंय" म्हणाले, तेव्हा मी का घाबरलो ते कळावं.

चूक माझीच. अंदमानात समुद्राखाली पाठीवर नळकांडं बांधून फिरणाऱ्या माणसांचा व्हिडिओ मीच त्यांना मोबाइलवर दाखवला होता. तात्यांनी तो अकरा वेळा पाहिला. मासे त्यांनी पाहिलेच नाहीत. "सर, तळ दिसतोय," एवढंच ते म्हणत राहिले. मग "जरा न्हेतो" म्हणून मोबाइल घेऊन घरी गेले आणि अर्ध्या तासानं परत आणून दिला. मोबाइलला लसणाचा वास येत होता.

त्या दिवसापासून माझं जगणं अवघड झालं. सकाळी दूध आणायला निघालो की तात्या फाटकात उभे. "सर, त्या नळकांड्यात हवा किती वेळ पुरतीया?" शाळेतून आलो की, "सर, दिवाळीच्या सुट्टीत जमंल का? उन्हाळ्यात हिरी मोकळ्या नसत्यात, आन् मी बी." मी अठ्ठावीस वर्षं महासागर शिकवले, पण प्रत्यक्षात अलिबागच्या पुढं पाय टाकला नव्हता, त्यामुळं हो म्हणायला मन होतंच. पण तो कान. आपल्याबरोबर नेलेला माणूस ठार बहिरा करून परत आणायचा, आणि मग काकूंना तोंड कसं दाखवायचं? मी तीनदा तात्यांना डॉक्टरांची आठवण करून दिली. तिन्ही वेळा ते उजवा कान माझ्याकडं करून बसले.

शेवटी त्यांच्याच हट्टावरून अंदमानातल्या हॅवलॉक बेटावरच्या एका डायव्हिंग शिकवणाऱ्या मॅडमना फोन लावला. तात्यांचं हिंदी कुरकुंभच्या कंपन्यांत काम करणाऱ्या परप्रांतीयांकडून आलेलं आहे, आणि त्या बिचाऱ्यांकडं तात्यांचं मराठी गेलेलं आहे.

"मॅडम, समिंदर कितना परस है?"

मी मधे पडून मीटरमध्ये विचारलं. मॅडम म्हणाल्या, नवीन माणसाला बारा मीटरच्या खाली नेत नाही. मी हिशेब करून सात परस सांगितलं. तात्यांचा चेहरा पडला. "एवढ्यासाठी इमानानं जायचं व्हय? पाटलाची हीर नऊ हाय."

मग त्यांनी फोन हातात घेतला. "मालक कौन है?"

"किसका मालिक, अंकल?"

"समिंदर का."

"सरकार का है."

"तो सरकार का आदमी काठ पे खडा रहेगा ना?"

 तात्यांनी पुढचं विचारलं, "बोट कू मोटर है ना? आदमी पानी में जाएगा तब उसका फ्यूज किसके पास रहता है?"

आता मॅडम फोन ठेवणार असं मला वाटलं. पण त्या एकदम वेगळ्या आवाजात म्हणाल्या, "अंकल, आप पानी का काम करते हैं क्या?" इतक्या वर्षांत हजारो लोकांनी फोन केले, सगळ्यांनी मासे किती आणि फोटो किती एवढंच विचारलं, इंजिनाची चावी कुणाकडं असते हे विचारणारे तुम्हीच पहिले, असं त्या म्हणाल्या. तात्यांनी फोन माझ्या हातात दिला. "बाई कामाची हाय," ते म्हणाले. "तिकिटं काढा."

मॅडमनी तब्येतीचा फॉर्म मोबाइलवर पाठवला. तो इंग्रजीत होता, म्हणून तात्या माझ्या ओसरीवर येऊन बसले आणि मी एकेक प्रश्न मराठीत सांगून भरायला लागलो. पहिल्या ओळीत नाव होतं.

"नाव मागनं लिवा," तात्या म्हणाले. "आधी रोग लिवा."

मी म्हटलं बरं. "वजन?"

"छप्पन किलो."

तात्यांचं वजन ऐंशीच्या घरात आहे. पण वजन आणि वय माणसं थोडं कमीच सांगतात, म्हणून मी लिहिलं. "चष्मा?"

"हाय."

तात्यांना चष्मा नाही. वाचायचा असेल म्हणावं, तर तात्या वाचत नाहीत. तरी मी लिहिलं. "गुडघे?"

"डावा दुखतोय. जिना उतरताना."

"कान?"

"दोन्ही ठणठणीत."

इथं मात्र मी मोबाइल खाली ठेवला. "तात्या," मी म्हटलं, "शेजारधर्म आपल्या ठिकाणी. पण हे खोटं मी लिहिणार नाही. तुमचा एक कान गेलेला आहे, दुसरा घालवायचा असेल तर स्वतःच्या हातानं घालवा."

"तुमी लिवा तर खरं. पुढं काय हाय?"

पुढचा प्रश्न मी गाळणार होतो, पण त्यांनी सगळं वाचायला लावलं. मी वाचलं, "आपण गरोदर आहात काय?"

तात्यांनी थोडा विचार केला आणि गंभीरपणे म्हणाले, "आता न्हाई."

मी त्यांच्याकडं बघतच राहिलो. तात्या जमिनीकडं बघत होते. मग हळूच म्हणाले, "आता नाव लिवा. कौसल्या सोपान."

 पुढं तात्या बोलतच राहिले, आणि त्यांना सलग एवढं बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं. "सर, छत्तीस वर्षं झाली, ती काठावर बसलीया. मी वर आलो की इचारायची, खाली काय हाय वो? मी काय सांगनार? मलाच कुठं दिसतंय. काय बी थापा मारायचो. कधी कासव सांगायचो, कधी राजवाडा सांगायचो. आता इचारायचं बी सोडलंय तिनं. तुमच्या त्या मोबाइलात तळ दिसला, तो तिला बी न्हेऊन दावला, तर लसूण सोलायचं सोडून बघत बसली. तवा मनात आलं, येकदा तिनं बघावा. आपल्या हिरीत काय दिसनार, तिथं दिसतोय."

मला काय वाटलं ते सांगतो. चार महिने ज्या माणसाला मी हट्टी, बहिरा आणि अर्धवट समजत होतो, त्याच्यासमोर मला लाज वाटली. आणि ती लपवायला मी ओळखपत्राचा नंबर विचारला.

काकूंना राजी करणं हे काम मात्र तात्यांनी माझ्यावर टाकलं. काकू चुलीपाशी भाकरी थापत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मला काय बघायचंय खाली? आन् मी खाली गेल्यावर वर कोन बसनार?"

"मी बसतो की," तात्या दारातून म्हणाले.

काकूंनी भाकरी उलटली. "तुमाला न्हाई जमायचं."

"न जमायला काय झालं? पान्याखाली काढलीत छत्तीस वर्षं."

"म्हनूनच म्हनते," काकू म्हणाल्या. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या बायकोला विचारलं, की त्या रबरी डगल्याच्या आत काय घालतात. तेवढ्यावरून आम्ही समजून गेलो.

मग सराव सुरू झाला. समुद्राखाली नाक बंद ठेवून तोंडानं श्वास घ्यायचा असतो. तात्यांनी ठिबकची वीतभर नळी कापली, ती काकूंच्या दातांत दिली आणि नाकाला कपडे वाळत घालायचा चिमटा लावला. सकाळ-संध्याकाळ अर्धा तास काकू अंगणात नाकाला चिमटा, तोंडात नळी अशा मेथी निवडत बसायच्या आणि तात्या घड्याळ धरून समोर उकिडवे. काकूंना बोलता येत नसल्यामुळं त्या वेळात तात्या घरातले सगळे राहिलेले निर्णय घेऊन टाकायचे. "लग्नापासनं पयल्यांदा घरात माझं चालतंय," असं ते मला भिंतीवरून सांगायचे. एकदा पोस्टमन आला, त्यानं काकूंकडं पाहिलं, मुकाट्यानं पत्र ठेवलं आणि "दवाखान्यात दाखवलं का?" असं माझ्या घरी येऊन विचारून गेला.

दिवाळीनंतर आम्ही निघालो. विमानात तात्या खिडकीशी बसले आणि समुद्र सुरू झाल्यापासून संपेपर्यंत एकच वाक्य बोलले, "काठ दिसंना." बोटीनं बेटावर पोहोचलो. माझ्या बायकोला बोट लागली, ती नारळाच्या झाडाखाली आडवी झाली आणि परत जायची वेळ होईपर्यंत उठली नाही. मी स्वतः पाण्यात उतरायचं कारण नव्हतं. कुणीतरी तात्यांपाशी थांबायला हवं होतं, असं मी सगळ्यांना सांगतो.

मॅडम चाळिशीतल्या, दणकट, उन्हानं रापलेल्या. त्यांनी काकूंना किनाऱ्याजवळ कमरेइतक्या पाण्यात तासभर शिकवलं, आणि बाहेर येऊन म्हणाल्या की इतक्या शांतपणे श्वास घेणारी बाई त्यांनी पाहिली नाही. तात्यांनी चिमट्याचं श्रेय लगेच घेतलं.

मग छोट्या बोटीनं आत गेलो. तिथं भांडण झालं. तात्यांनी घरून नवा दोर आणला होता आणि तो ते काकूंच्या कमरेला बांधायला लागले. मॅडम म्हणाल्या, दोर नाही चालणार, खाली पोवळ्यात अडकतो, उलट धोका. तात्या म्हणाले, दोराशिवाय माणूस पाण्यात सोडत नाहीत. मॅडम म्हणाल्या, मी त्यांचा हात सोडणार नाही. तात्या म्हणाले, तुमचा हात कोण धरणार? शेवटी मॅडमनी आपल्या हातातल्या दोरीला बांधलेला नारिंगी फुगा दाखवला. आम्ही खाली जिथं जाऊ तिथं हा पाण्यावर दिसेल, तो बघत बसा. आणि बोटवाल्याकडून इंजिनाची चावी घेऊन ती स्वतः तात्यांच्या हातात दिली. तात्यांनी ती खिशात टाकली, खिशाला वरून पिन लावली, आणि मग दोर सोडला.

काकूंनी चष्मा काढून तात्यांकडं दिला. मॅडमनी त्यांना नंबरचा मास्क आणला होता. "मी येते," एवढं बोलून काकूंनी तोंडात नळी घेतली आणि पाठमोऱ्या पाण्यात गेल्या. छत्तीस वर्षं काठावर बसलेली बाई, पण जराही बिचकली नाही. बुडबुडे आले आणि फुगा हळूहळू पुढं सरकायला लागला.

विहिरीत तात्या दम धरून जातात, म्हणजे मिनिटभरात, फार तर दीड मिनिटात वर. इथं मॅडमनी पंचवीस मिनिटं सांगितली होती. तात्यांना हे माहीत होतं, इतके महिने त्यांनी माझ्याकडून तेच घोकून घेतलं होतं. तरी दोन मिनिटांनी ते म्हणाले, "सर, घड्याळ बघा." मी म्हटलं, दोन. परत म्हणाले. मी म्हटलं, अडीच.

पाच मिनिटांनी फुगा थांबला. तात्या उभे राहिले. "अडाकली," ते म्हणाले. बोटवाला म्हणाला, मासे बघत असतील. फुगा हलला. तात्या बसले. आठव्या मिनिटाला बुडबुडे कमी झाले असं त्यांना वाटलं. दहाव्या मिनिटाला त्यांनी सदरा काढला. मी त्यांचा दंड धरला आणि तोंड त्यांच्या डाव्या कानाशी नेऊन ओरडलो, "तात्या, कान जाईल."

"जाऊ द्या की," ते म्हणाले. बोटवाला आणि मी असे दोघांनी मिळून त्यांना खाली बसवलं. आयुष्यभर काळोखात एकटं उतरणारा तो माणूस आता वर बसला होता. हातात काकूंचा चष्मा होता. तो त्यांनी एकदा पुसला, मग परत पुसला, आणि पुढची सगळी मिनिटं फुग्यावरची नजर न काढता ते चष्माच पुसत राहिले. माझी सगळी चेष्टा तिथं आटली. मी दर मिनिटाला वेळ सांगत राहिलो, दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

काकू वर आल्या त्या हसतच. शिडीवरून बोटीत येईपर्यंतही त्यांना दम नव्हता. "अवो, पैठणीच्या काठागत मासं," त्या म्हणाल्या. "माझ्या बांगड्यांना चोची मारत व्हते. आन् तळ कसा, चांदन्यात अंगन झाडून ठेवल्यागत. कासव बी हाय. तुमी थापा मारायचा, पर हाय खरं." त्या बोलतच होत्या. एवढं बोलताना त्यांनाही मी कधी ऐकलं नव्हतं.

तात्यांनी काहीच ऐकलं नसावं. त्यांनी काकूंचं ओलं मनगट दोन्ही हातांनी धरलं होतं. काकूंचं बोलून संपल्यावर ते म्हणाले, "कौसा, मी खाली असलो की तुला असंच व्हायचं?"

काकूंनी तात्यांच्या मांडीवरचा चष्मा उचलून लावला. त्यांच्याकडं नीट बघितलं.

"दर टायमाला," त्या म्हणाल्या.

 परत निघताना तात्यांच्या खिशातली चावी मागायला बोटवाल्याला दोनदा हात पुढं करावा लागला.

गावी येऊन आठवडा झाला असेल. पाटसकडचा एक ओळखीचा बागायतदार मोटरसायकलवरून आला. त्याची मोटर तळाला गेली होती, उसाला पाणी द्यायचं खोळंबलं होतं. मी माझ्या ओसरीवर वह्या तपासत होतो. तात्यांनी त्याला पाणी दिलं, बसायला पोतं दिलं, आणि म्हणाले, "दुसरं कुनी बघा. मी आता उतरत न्हाई."

"का वो तात्या? कान दुखतोय का?"

"कानाला काय न्हाई," तात्या म्हणाले. "वर बसनाऱ्याचं लई हाल व्हत्यात."